एक छत्री, चार टीव्ही: मजुरी बॉक्सची नको, आराखड्याची घ्या



इलेक्ट्रिकचं, सीसीटीव्हीचं किंवा टीव्ही दुरुस्तीचं काम करणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, डिश बसवण्याच्या कामात आता काही राहिलंय का?" व्हिडिओत याचं उत्तर दोन वाक्यांत दिलं होतं, इथे नीट लिहितो.

एक घर, एक छत्री, एक टीव्ही, एवढंच काम करणार असाल तर त्यात फारसं काही राहिलेलं नाही. कंपन्या "फिटिंग फ्री" म्हणून जाहिरात करतात आणि तुमच्या हातात पडतात ते ठरलेले थोडे पैसे. पण ज्या घरात तीन-चार टीव्ही आहेत, चुली वेगळ्या आहेत, वर भाडेकरू आहे आणि गच्ची मात्र एकच आहे, तिथलं काम अजून शिल्लक आहे. ते नीट करून देणारा माणूस सहज सापडत नाही. आणि जो करतो, तो त्याचे पैसे मागायला लाजतो. माझा आजचा मुद्दा हाच आहे: या कामात खरी किंमत आराखड्याला आहे, तेव्हा पैसे आराखड्याचे मागा.

असं घर तुमच्या गल्लीतच असेल. खाली आई-वडील, मधल्या मजल्यावर थोरला भाऊ, वर धाकटा, मागच्या खोलीत भाडेकरू. गच्चीवर जाऊन बघा. चार गंजलेल्या छत्र्या, त्यातल्या दोन बंद, आणि भिंतीवरून लोंबणाऱ्या काळ्या वायरींचं जाळं. कुठली वायर कुणाची, हे घरातल्या एकालाही माहीत नसतं. हे जाळं कुणा एकाच्या चुकीने झालेलं नाही. दर वेळी नवा मुलगा आला, त्याला बॉक्स विकायचा होता, त्याने स्वतःची छत्री ठोकली आणि तो गेला.

आधी तंत्र समजून घ्या

गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारणार, "एकाच वायरला स्प्लिटर लावून चार टीव्ही का नाही चालत? केबलवाल्याचे तर चालायचे." याचं उत्तर तुम्हाला साध्या भाषेत देता आलं पाहिजे.

छत्रीच्या पुढे दांड्यावर जो एलएनबी असतो, तो बॉक्सचा हुकूम ऐकतो. उपग्रहाचे सिग्नल उभे आणि आडवे अशा दोन प्रकारांत येतात. बॉक्स त्याच वायरवरून १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभे सिग्नल देतो, १८ व्होल्ट पाठवले की आडवे. वरचा पट्टा हवा असेल तर बॉक्स त्यासोबत २२ किलोहर्ट्झचा टोनही पाठवतो. म्हणजे एक आउटपुट असलेला साधा एलएनबी एका वेळी एकाच बॉक्सचं ऐकू शकतो. दोन बॉक्स एकाच वायरवर जोडले की एक म्हणतो उभं दे, दुसरा म्हणतो आडवं दे. स्वयंपाकघरात वहिनींनी चॅनल बदलला की हॉलमधली क्रिकेटची मॅच गायब!

आता कुणी म्हणेल, "आमच्याकडे तर स्प्लिटरवर दोन टीव्ही चालतात." चालत असतील. एखाद्या सेवेचे सगळे चॅनल एकाच पट्ट्यात आणि एकाच प्रकारच्या सिग्नलवर असले, तर भांडण होत नाही. पण ते नशिबावर चाललेलं काम आहे. उद्या सेवा बदलली किंवा एक चॅनल दुसरीकडे हलला की फोन तुम्हालाच येणार.

नीट पद्धत अशी. दोन टीव्ही असतील तर ट्विन एलएनबी, चारपर्यंत क्वाड, आठपर्यंत ऑक्टो. प्रत्येक आउटपुटमधून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर. त्याहून जास्त टीव्ही असतील, तर क्वाट्रो एलएनबी आणि मल्टीस्विच. क्वाड आणि क्वाट्रो ही नावं सारखी वाटतात, पण वस्तू वेगळ्या आहेत. क्वाड थेट बॉक्सला जोडता येतो. क्वाट्रो फक्त मल्टीस्विचसोबत चालतो. दुकानातून भलताच आणला की दिवस वाया.

वायर आरजी-६, ७५ ओहमची. एलएनबीपासून बॉक्सकडे येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, त्यामुळे केबल टीव्हीचे जुने जोड आणि स्प्लिटर इथे कामाचे नाहीत. मध्ये टेप गुंडाळून जोड देऊ नका, एफ कनेक्टर नीट दाबून बसवा. एक खूण लक्षात ठेवा. काही चॅनल स्वच्छ आणि ठरावीक चॅनलच सारखे जात असतील, तर आधी वायर तपासा. लांब आणि हलक्या वायरीत व्होल्टेज पडतं, १८ चे एलएनबीपर्यंत पोचेस्तोवर कमी होतात आणि आडव्या सिग्नलवरचे चॅनल जातात. अशा वेळी बॉक्स बदलून काहीही होत नाही, पण बॉक्सच बदलला जातो आणि गिऱ्हाईकाचे पैसे फुकट जातात.

एक छत्री कुठे चालत नाही, तेही सांगा

छत्री एका वेळी आकाशातल्या एकाच जागेकडे बघते. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला. पुण्यातून पाहिलं तर पहिल्यासाठी छत्रीचं तोंड जवळपास आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १३२ अंशांवर, आणि नजर क्षितिजापासून ५९ अंश वर. दुसऱ्यासाठी दिशा साधारण १५३ अंश आणि उंची ६६ अंशांच्या आसपास. वडिलांना फ्री डिश हवी आणि धाकट्याला टाटा प्ले, तर घरगुती आकाराच्या एकाच छत्रीवर ते जमवत बसू नका. "काका, यासाठी दोन छत्र्या लागतील, पण चार नाही लागणार," असं पहिल्याच दिवशी सांगा. एवढ्या एका वाक्याने माणसाचा तुमच्यावर विश्वास बसतो.

पावसाचंही तसंच. या छत्र्या ज्या केयू बँडवर चालतात, त्यात जोराच्या सरीत सिग्नल जातो. कोकणात आणि घाटात तर जातोच. हे आधी सांगितलंत तर जुलैमध्ये "तुमचं काम खराब" असं ऐकावं लागत नाही.

रिचार्ज कुणाच्या नावावर?

घर एकत्र असलं तरी पाकीट वेगळं असतं. मल्टी-टीव्ही कनेक्शन हे एकाच माणसाच्या नावावर, एकाच खात्यावर असतं. म्हणजे थोरल्याने रिचार्ज केला नाही तर धाकट्याचाही टीव्ही बंद. असल्या छोट्या गोष्टींवरून घरात अबोला धरला जातो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा नियम साधा आहे. जेवण एकत्र असेल तर मल्टी-टीव्ही घ्यायला सांगा. चुली वेगळ्या असतील तर छत्री सामाईक, पण बॉक्स, खातं आणि रिचार्ज ज्याचं त्याचं. भाडेकरूला तर कायम स्वतंत्र खातं, तो घर सोडून गेला की बॉक्स घेऊन जाईल, वायर तुमच्या घरात राहील.

खर्चाचा हिशेबही समजावून सांगा. ट्रायने २०२० मध्ये दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीसाठीचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादाच काढली गेली आणि दर ठरवणं कंपन्यांकडे गेलं. तेव्हा जुन्या पाठ केलेल्या आकड्यांवर बोलू नका. कंपनीचा आजचा दर विचारा, गिऱ्हाईकासमोर विचारा.

आणि हो, फ्री डिश लपवू नका. डिसेंबर २००४ पासून ही सेवा चालू आहे, महिन्याचा खर्च शून्य. आई-वडिलांना बातम्या, भजनं आणि सह्याद्री वाहिनी एवढंच हवं असेल, तर त्यांच्या गळ्यात महिन्याचं पॅकेज बांधायचं कशाला? तुमचं एक कमिशन जाईल हे खरं. पण त्या घरातला वायरमन, सीसीटीव्हीवाला आणि इन्व्हर्टरवाला पुढची दहा वर्षं तुम्हीच असाल.

जे काम घ्यायचं नाही

आता मोहाची गोष्ट. पीजीचा मालक भेटतो, बारा खोल्या असतात. तो म्हणतो, "एकच रिचार्ज मारतो, तू सगळ्या खोल्यांत वायर फिरवून दे, वर पाच हजार घे." सुरुवातीच्या काळात पाच हजार ही मोठी रक्कम वाटते. तरीही नाही म्हणा.

घरगुती कनेक्शन हे घरासाठी असतं. धंद्याच्या जागेसाठी कंपन्यांच्या अटी आणि दर वेगळे असतात. आणि एका जागेवरून वायर टाकून बऱ्याच ग्राहकांना चॅनल पुरवणं म्हणजे केबलचा धंदा. त्यासाठी १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर सामान जप्त होऊ शकतं. त्या दिवशी मालक म्हणेल, "मला काय माहीत, हा मुलगा म्हणाला चालतं."

नुसतं "नाही" म्हणून उठून येऊ नका. पर्याय द्या. गच्चीवर एक छत्री, एक मल्टीस्विच, प्रत्येक खोलीत एक पॉइंट. ज्याला टीव्ही बघायचा असेल तो स्वतःचा बॉक्स आणून जोडेल. किंवा हॉलमध्ये एक टीव्ही, कंपनीला जागा पीजीची आहे असं स्पष्ट सांगून घेतलेलं कनेक्शन. यात मालकाची डोकेदुखी कमी होते आणि तुम्हाला बारा पॉइंटची सरळ मजुरी मिळते. हिशेब केलात तर ती त्या पाच हजारांच्या खाली राहायचं कारण नाही.

पैसे कसे मागायचे

कामाआधी एका पानावर आराखडा काढा. छत्री कुठे, तोंड कुणीकडे, वायर कुठून जाणार, कुठला पॉइंट कुणाचा, पुढे एखादा टीव्ही वाढला तर कुठलं आउटपुट मोकळं. काम झालं की वायरीच्या दोन्ही टोकांना नावाची पट्टी लावा आणि पानाची एक प्रत घरात ठेवा.

बिलात तीन ओळी लिहा: पाहणी आणि आराखडा, पॉइंटप्रमाणे मजुरी, आणि साहित्य दुकानाच्या बिलाप्रमाणे. समजा पाहणीचे ३०० आणि पॉइंटचे ४०० धरले, तर चार पॉइंटच्या घरात मजुरी झाली १,९०० रुपये. तुमच्या गावचा दर वेगळा असेल, तो लावा. पण काम मिळालं म्हणून पाहणीचे पैसे सोडून देऊ नका. डोकं फुकट आणि हात विकत, असं गिऱ्हाईकाला आपणच शिकवतो. घरातल्या माणसांना ती पाहणी वाचवते एक-दोन छत्र्या, जास्तीचे रिचार्ज आणि पुढची भांडणं. त्याचे ३०० रुपये म्हणजे काहीच नाही.

मग दुकान टाकायचं का?

नाही. फक्त डिशचं दुकान टाकायला कर्ज काढू नका. फायबर आलंय, मोबाईल आलाय, आणि पैसे भरून डीटीएच बघणारे ग्राहक गेल्या काही वर्षांत घटत आहेत, हे ट्रायच्या अहवालांत दिसतंच. पण सीसीटीव्ही, वायफाय आणि इन्व्हर्टरसोबत चौथी सेवा म्हणून हे काम ठेवा. शिडी तीच, ड्रिल तेच, वायर ओढायचं कसबही तेच. जास्तीचं लागेल ते क्रिंपिंग टूल, सिग्नल फाइंडर आणि कमरेचा सेफ्टी बेल्ट. बेल्टमध्ये कंजुसी नको. ओल्या पत्र्यावर आणि विजेच्या तारांजवळ कुणी कितीही घाई केली तरी चढायचं नाही.

या आठवड्यात एक करा. ओळखीच्या तीन घरांच्या गच्चीवर जा, किती छत्र्या चालू आणि किती बंद ते मोजा, आणि प्रत्येक घरासाठी एक पान काढून द्या. ती तीन पानं सरावाची, त्यांचे पैसे मागू नका. चौथ्या पानापासून मागा, आणि आकडा सांगताना खाली बघू नका.

भेटूया पुढच्या विषयासोबत. काम सांभाळून करा!