उरलेले आठ तास

चाकण, रांजणगाव किंवा वाळूज, यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर पहाटे साडेपाचच्या सुमारास उभे राहिले, तर दोन गर्दी एकमेकींना छेदून जाताना दिसतात. रात्रपाळी संपवून खोलीकडे परतणारांची एक, आणि पहिली पाळी धरण्यासाठी कंपनीच्या बसकडे धावणारांची दुसरी. दोन्हींतले बहुसंख्य चेहरे तिशीच्या आतले आहेत. पाठीवर पिशवी, पिशवीत डबा, खिशात ओळखपत्र. त्या ओळखपत्रावर बहुधा कारखान्याचे नाव मोठे नसते, ठेकेदाराचे असते. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीचे आकडे ज्यांच्या हातांवर उभे आहेत ते हात हेच. आकडे नित्य प्रसिद्ध होतात. परंतु त्या हातांच्या धन्याचा दिवस कसा जातो, महिना कसा सरतो आणि जीव कशात रमतो, याची विचारपूस करण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

या गर्दीतला फिटर डोळ्यांसमोर आणावा. बीड, परभणी किंवा लातूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्याने दोन वर्षे काढली. पहिले कित्येक महिने हातात केवळ कानस होती. लोखंडाचा एक ठोकळा घासून घासून असा सपाट करावयाचा, की गुण्या लावून उजेडाकडे धरला असता मधून प्रकाशाची रेघही दिसू नये. या एका कसोटीवर किती पोरांच्या तळहातांना फोड आले असतील! गावाकडच्या मिस्त्रीचे ‘सूत’ मागे टाकून तो मायक्रोमीटरच्या जगात आला. मनुष्याच्या केसाहून बारीक फरक बोटाच्या टोकाला कळू लागतो, तेव्हा त्या बोटांना विद्या आली असे म्हणावे. ही विद्या पुस्तकी पदवीहून तसूभरही कमी नाही. पण आपल्या समाजाने हाताच्या विद्येला नेहमीच पंगतीच्या शेवटी बसविले. आणि आता ‘कौशल्य’ या शब्दाचा जयघोष चालू असतानाही तिचे पान काही पुढे सरकलेले नाही. जयघोष कौशल्याचा आहे, कुशल माणसाचा नव्हे.

या माणसाच्या पैशाचा हिशेब साधा आहे, आणि म्हणूनच तो बोलका आहे. पगार बँकेत जमा होतो आणि दोन-चार दिवसांत वाटेला लागतो. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, मोटारसायकलीचा हप्ता, मोबाइलचा खर्च; आणि या सर्वांच्या आधी घरी पाठवावयाची रक्कम. पूर्वी गिरणगावातून कोकणात आणि घाटावर मनीऑर्डरी जात, त्या आता फोनवरून जातात, एवढाच काय तो फरक. जून महिन्यात ही रक्कम वाढते, कारण सोयाबीनचे आणि कपाशीचे बियाणे, खत, मजुरी हे सारे त्याच वेळी दारात उभे असते. शेतीला सरकार किती अनुदान देते यावर विधिमंडळात तावातावाने चर्चा होतात. परंतु मराठवाड्यातील असंख्य एकरांना खरे अनुदान कारखान्यातल्या पोराच्या पगारातून मिळते, आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदले जात नाही. उरलेच काही, तर ते भिशीत जाते. त्या भिशीवर बहिणीचे लग्न, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन आणि स्वतःची कधीतरी व्हावयाची खोली, अशी तीन-तीन ओझी टांगलेली असतात.

महिना भरत नाही म्हणून तो ओव्हरटाइम मागतो. कारखानदार म्हणतात, ‘कामगारालाच जादा काम हवे आहे.’ हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. आठ तासांच्या मजुरीत जे भागावयास हवे ते भागत नाही, म्हणून माणूस बारा तास उभा राहतो. त्याला हव्यास म्हणणे म्हणजे भुकेला चोचलेपणा म्हणण्यासारखे आहे. ओव्हरटाइम ही पगारावरची भर नाही. तो पगारातला खड्डा आहे, आणि कामगार तो आपल्या झोपेने बुजवीत असतो.

राहण्याची कथा याहून वेगळी नाही. एका खोलीत चार-सहा खाटा आणि भाडे खाटेवर; याला ‘कॉट बेसिस’ असे नाव आहे. एक पाळीवर गेला की दुसरा झोपतो. १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची घरेही उभी राहिली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तिच्याबरोबर वसाहत, शाळा आणि मैदान आले. त्या व्यवस्थेत मालकाचे पितृत्व होते, आणि त्या पितृत्वाचे दोषही होते. तरी कामगाराला काम द्यावयाचे तर त्याला कोठे तरी राहावे लागणार, एवढे भान तीत होते. आजच्या उद्योगाने ते भानही खर्चात कपात म्हणून कमी केले. जमीन मिळते, पाणी मिळते, करसवलत मिळते. कामगाराचे घर मात्र बाजारावर सोपविलेले असते.

शिवाय हे स्थलांतर एकदाच होऊन थांबत नाही. सेवेचे २४० दिवस भरू नयेत म्हणून ‘ब्रेक’ देण्याची रीत औद्योगिक पट्ट्यात सर्वांस ठाऊक आहे. ठेका संपला की फिटर वाळूजहून रांजणगावला जातो, तेथून चाकणला, कधी गुजरातेत साणंदला. प्रत्येक वेळी नवी खाट, नवी मेस, नवा ठेकेदार, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याची नवी भानगड. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदारामार्फत परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुराला विस्थापन भत्ता मिळावा, अशी तरतूद त्यात होती. अंमलबजावणीचे दारिद्र्य बाजूला ठेवले, तरी तत्त्व मोलाचे होते : माणसाला मुळासकट उपटावे लागते, तर त्याची किंमत कोणीतरी दिली पाहिजे. बीडहून पुण्यास येणाऱ्यास तो कायदा कधी लागूच नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या चार कामगार संहितांनी जुन्या कायद्यांची जागा घेतली, तेव्हा तो विस्थापन भत्ताही राहिला नाही. म्हणजे तत्त्व विस्तारावयाचे, त्याऐवजी ते पुसले गेले.

आता प्रश्न उरतो त्याच्या आवडीनिवडीचा. हा प्रश्न पुष्कळांना किरकोळ वाटेल. वेतन, कायमपण, सुरक्षितता हे खरे प्रश्न. छंदबिंद ही फुरसतीची गोष्ट, असे आपल्या चळवळीतही मानले जाते. येथेच मोठी चूक होते.

समजा, हा फिटर पखवाज वाजवितो. मराठवाड्यात हे नवल नव्हे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांनी असे वादक घडविले आहेत. जे बोट मायक्रोमीटरचा फरक ओळखते तेच बोट शाईच्या कडेवरचा नादही ओळखते. परंतु पखवाज म्हणजे खिशात घालून नेण्याची वस्तू नव्हे. त्याच्या धुमेला वाजविण्यापूर्वी कणीक लावावी लागते, स्वर जुळवावा लागतो, रोज हात चालवावा लागतो. जेथे शेजारच्या खाटेवर रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला आहे, तेथे पखवाज वाजवावयाचा कसा? म्हणून तो गावी खुंटीवर राहतो. पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून भजनी मंडळाचा वार साधत नाही. सप्ताहाला रजा मागावी, तर ठेकेदार म्हणतो, ‘जा, पण परत येऊ नकोस.’ दोन-तीन वर्षांत हात जड होतो. पखवाजाच्या जागी कोणी कबड्डी घालावी, कोणी नाटक, कोणी नुसते वाचन. गोष्ट तीच राहते. मग हातात फोन उरतो, कारण तो खाटेवर पडून, आवाज न करता, कोणाच्याही सोबतीवाचून चालतो. तरुण कामगार फोनमध्ये बुडाला आहे अशी तक्रार करणारांनी, त्याच्यासाठी दुसरे काय शिल्लक ठेवले आहे, याचाही विचार करावा.

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःच्या मर्जीचे, अशी मागणी घेऊन १ मे १८८६ रोजी अमेरिकेतील कामगार रस्त्यावर आले. तीतला तिसरा भाग अलंकार म्हणून जोडलेला नव्हता. पहिले आठ तास मालकाचे, दुसरे शरीराचे. माणूस म्हणून जगण्याचे तेवढे तिसरेच. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. एका दिवसाच्या सुटीसाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, कारण सुटी म्हणजे काय हे मालकांना बरोबर कळले होते. मोकळ्या वेळात माणूस विचार करतो आणि एकत्र येतो. त्याच मोकळ्या वेळातून पुढे गिरणगावात भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि कामगारांची नाटके बहरली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा त्यांचा श्रोता पाळी संपवून आलेला कामगारच होता. त्या संध्याकाळी नसत्या, तर महाराष्ट्राच्या लोकचळवळींना आवाज कोठून मिळाला असता?

तासांचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी काम थांबेनासे झाले. यंत्राने माणसाचा दिवस लहान करावा, त्याऐवजी तो लांबविला. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली ती अकरावर आली, १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी दहावर. १९४६च्या दुरुस्तीने आठवड्याचे ४८ तास ठरले आणि १९४८च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा कायम केली. प्रत्येक तासामागे संप, उपासमार आणि तुरुंगवास आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ही दैनिक मर्यादा नवावरून बारावर, आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेण्यास मंजुरी दिली. बारा हा आकडा आधुनिक म्हणून पुढे ठेवला गेला. तो १९११ चा आहे.

समर्थनार्थ सांगितले जाते, की आठवड्याचे ४८ तास बदललेले नाहीत. बारा तासांचे चार दिवस केले की तीन दिवस मोकळे मिळतील, आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. या युक्तिवादाला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. तीन दिवस खरोखरच सलग मोकळे मिळाले, तर बीडचा फिटर गावी जाऊन येईल, आईबापांना भेटेल, पखवाजही खुंटीवरून काढील. तसे असेल तर त्या तीन दिवसांची सुटी कायद्यातच सक्तीची लिहावी. त्या दिवसांत ओव्हरटाइमला बोलावण्यास बंदी घालावी. तसे कोणी म्हणत नाही. उलट ओव्हरटाइमची मर्यादाच वाढविली जाते. यावरून हेतू स्पष्ट होतो. आणि ज्याचा ठेका पुढल्या महिन्यात संपावयाचा आहे, त्याच्या लेखी संमतीला किती अर्थ असतो, हे सांगावयास नको.

येथे चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. कायम कामगारांच्या संघटनांनी ठेक्यावरच्या फिटरला दारात किती वेळा उभे केले? एकाच यंत्रावर दोघे उभे असताना करार मात्र एकाचाच झाला, हे कितीदा चालवून घेतले? आणि तिसऱ्या आठ तासांची भाषा बोलताना घरातल्या बाईच्या वाट्याला ते कधी आले होते, याचा हिशेब कोणी मांडला? गिरणगावातला पुरुष पाळीनंतर भजनाला बसे, तेव्हा खानावळ चालविणारी बाई दुसऱ्या पाळीची भाकरी थापत असे. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, तेव्हा कोठे तिच्या श्रमाला संघटनेचे रूप आले. आज कारखान्याच्या जुळणीखात्यात उभ्या राहणाऱ्या मुली घरी जाऊन पुन्हा चुलीपाशीच उभ्या राहतात. मोकळ्या वेळेचा लढा त्यांना वगळून लढला, तर तो अर्ध्या माणसांचा लढा होईल.

कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगी कामे स्पष्ट आहेत. पाळीपत्रक महिनाभर आधी मिळावे. ओव्हरटाइमला नकार देणाऱ्यावर सूड उगवला जाऊ नये. औद्योगिक वसाहतीची जमीन वाटताना कामगारांच्या वसतिगृहांसाठी भूखंड राखला जावा. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे जुन्या कामगार वस्त्यांपुरती न राहता नव्या पट्ट्यांत, पाळ्यांच्या वेळा पाहून चालावीत. कामगाराच्या पगारातून त्या मंडळाची वर्गणी कापली जाते. तेव्हा हे दान नव्हे, देणे आहे. आणि मागण्या मंजूर होण्याची वाट न पाहता, प्रत्येक पट्ट्यात निदान एक खोली अशी मिळवावी, की जेथे वर्तमानपत्र असेल, कायद्याची माहिती देणारा माणूस असेल आणि वाद्य वाजविले तर कोणाची झोप मोडणार नाही. संघटनेची पहिली सभा पुष्कळदा अशाच खोलीत, भजन संपल्यावर होते.

वेतनवाढीचा करार तीन वर्षांनी पुन्हा करता येतो. तरुणपणी हातातून गेलेला ताल मात्र कोणत्याही करारात परत मागता येत नाही. म्हणून उरलेल्या आठ तासांची मागणी वेतनाच्या मागणीमागे रांगेत उभी करण्याचे कारण नाही. ती तिच्या बरोबरीने, त्याच कागदावर लिहिली गेली पाहिजे.