मार्जारांची मोरी

एका सुशिक्षित कुटुंबांतील सूनबाईंचें पत्र आमच्यापुढें आहे. घर पुण्यांतील, जुना वाडा पाडून त्याच जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावरचें. माणसें आठ, मांजरें तीन व कुत्रा एक. मांजरांपैकीं थोरली भाटी बारा वर्षांची, दुसरी तिची लेक, आणि तिसरा एक तरुण बोका, जो गेल्या पावसाळ्यांत जिन्याखालीं भिजत बसलेला मुलांना सांपडला. गेले दोन महिने या घरांत कधीं मामंजींच्या गादीवर, कधीं धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर, तर कधीं देवघराच्या चौकटीशीं ओल आढळते. सासूबाईंचें सोंवळें मोडतें, मुलें एकमेकांवर खापर फोडतात, आणि मामंजींनीं निकाल दिला आहे कीं, पाडव्यापर्यंत हा प्रकार न थांबल्यास बोक्यास पोत्यांत घालून मंडईंत सोडून यावें. हा निकाल योग्य कीं अयोग्य, असें सूनबाई विचारतात.

बोक्यास ओल करतांना कोणीं प्रत्यक्ष पाहिलें, असें पत्रांत कोठेंही नाहीं. नवा आलेला, नर आणि रस्त्यावरचा, एवढ्या पुराव्यावर तो दोषी ठरलेला दिसतो. उलट, पत्र दोनदां वाचल्यावर आम्हांस त्यांत तीन निराळ्या गोष्टी सांपडल्या. गादीवरील ओल मोठी, हातभर पसरलेली असते. देवघराच्या चौकटीवरील डाग मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवरून खालीं ओघळलेले असतात. आणि जातां जातां सूनबाईंनीं असेंही लिहिलें आहे कीं, थोरली भाटी हल्लीं पाण्याचें भांडें दिवसांतून दोनदां रिकामें करते. या तीन वाक्यांवरून पाहतां येथें गोष्टी दोन आहेत, आणि त्या करणारे बहुधा दोघे आहेत.

मांजर गरज म्हणून लघवी करतें तेव्हां खालीं बसतें, आडवी जागा निवडतें व एकाच ठिकाणीं पुष्कळ ओल करतें. खूण म्हणून करतें तेव्हां उभें राहतें, पाठ भिंतीकडे करतें, शेपूट ताठ उभारून थरथरवितें, आणि उभ्या पृष्ठभागावर थोडीशी पिचकारी सोडतें. पहिला देहधर्म आहे, दुसरा जाहीरनामा. असा जाहीरनामा बहुधा निर्बीजीकरण न झालेले बोके लावतात. क्वचित् भाट्याही लावतात. घरांत मांजरांची संख्या वाढली, खिडकीबाहेर परका बोका दिसूं लागला, किंवा नवें सामान आलें, म्हणजे त्याचा जोर वाढतो. निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेनंतर दहांपैकीं सुमारें नऊ बोक्यांची ही संवय सुटते किंवा पुष्कळ कमी होते. मात्र कोणाची चार दिवसांत, तर कोणाची कांहीं महिन्यांनीं. या बोक्याची शस्त्रक्रिया झाल्याचा पत्रांत उल्लेख नाहीं. झाली नसल्यास चौकटीवरील डागांचें कारण व उपाय दोन्ही हातीं आले असें समजावें.

गादीचें प्रकरण मात्र गंभीर आहे. वय झालेलें मांजर एकाएकीं फार पाणी पिऊं लागलें, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक यांपैकीं कांहीं आहे काय, हें पाहणें प्राप्त होतें. असें मांजर मोरीपर्यंत पोंचण्यापूर्वींच ओलें होतें. सांधे दुखत असल्यास पेटीचा उंच कांठ त्याला ओलांडवत नाहीं. त्या बिचारीस मऊ गादी जवळ वाटली, यांत तिचा अपराध कोणता? रक्त व लघवी तपासल्यावांचून याचा निर्णय होणार नाहीं. थोरलीस प्रथम पशुवैद्यांकडे न्यावें. मंडईचा विचार मागाहून. आणि या काळांत पाणी जास्त पिते म्हणून तिचें पाणी कमी करूं नये. हा उपाय घरोघर होतो आणि त्यानें रोग बळावतो.

याच ठिकाणीं बोका पाळणाऱ्या सर्वांसाठीं एक सूचना लिहून ठेवतों. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती खड्यांनीं किंवा चिकट बोळ्यानें तुंबूं शकते. असा बोका पुनःपुन्हां पेटींत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि लघवी थेंबभर होते किंवा होतच नाहीं. घरांतील माणसांस वाटतें कीं बद्धकोष्ठ झालें असेल, उद्यां पाहूं. रक्तांत पोटॅशियम सांठून हृदय बंद पडावयास एक-दोन दिवस पुरतात. म्हणून त्याच घटकेस, मग रात्र असो वा सणाचा दिवस, दवाखाना गांठावा.

दुसरा एक विकार असा आहे कीं, त्यांत मूत्राशयास सूज येते पण जंतु, खडा असें कांहीं सांपडत नाहीं. अमेरिकेंतील ओहायो राज्य विद्यापीठांत टोनी बफिंग्टन यांनीं या विकाराचा दीर्घ अभ्यास केला, आणि त्यांतून असें दिसून आलें कीं, मांजराच्या मनावरील ताण व हा विकार यांचा निकट संबंध आहे. घरांतील गडबड कमी करणें, लपावयास जागा, उंच बैठक, ठरलेल्या वेळीं खाणें, पाणी अधिक पोटांत जाईल अशी योजना, एवढ्यानें अशीं पुष्कळ मांजरें सुधारतात. एकत्र कुटुंबांतील नव्या सुनेस हें वाचून आश्चर्य वाटूं नये.

आतां मोरीचा विचार. संस्कृतांत मांजरास मार्जार म्हणतात. हा शब्द मृज् या धातूपासून आला. मृज् म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें. मार्जन व संमार्जनी हे शब्द त्याच कुळांतले. सतत अंग चाटून स्वच्छ राहणाऱ्या या प्राण्यास आपल्या पूर्वजांनीं झाडूशीं एका गोत्रांत बसविलें, तें विनाकारण नव्हे. पाळीव मांजराचा मूळ पुरुष पश्चिम आशिया व आफ्रिकेंतील रानमांजर. कोरड्या प्रदेशांतील वाळूंत खड्डा करून मल पुरण्याची त्याची रीत आजच्या मांजरांतही उतरली आहे. वाड्यांना परसूं होतें, राखेचा ढीग होता, केळीच्या आळ्याजवळ मऊ माती होती; मांजरांची मोरी कोठें हा प्रश्न कोणास पडत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या फरशींत मांजरानें खड्डा कोठें खणावा? गादी, गोधडी व कपड्यांचा ढीग, एवढ्याच मऊ जागा घरांत उरतात.

पत्रावरून कळतें कीं, या घरांत तिन्ही मांजरांस मिळून पेटी एकच आहे, ती कपडे धुण्याच्या यंत्राजवळ आहे, आणि तिच्या वाटेंत कुत्रा निजतो. आठ माणसांच्या घरांत सकाळीं एकच न्हाणी असली म्हणजे काय होतें, हें मामंजींस निराळें सांगावयास नको. पशुवैद्यांचा प्रसिद्ध नियम असा कीं, जितकीं मांजरें तितक्या पेट्या व वर एक. म्हणजे येथें चार हव्यात. चार पेट्यांस जागा कोठली, हा आक्षेप आम्हांस समजतो. निदान तीन तरी ठेवाव्यात, आणि त्या एका ओळींत ठेवूं नयेत. शेजारी शेजारी मांडलेल्या तीन पेट्या मांजरांच्या लेखीं एकच. कारण असें कीं, मांजरांत भांडण नेहमीं आरडाओरडा करून होत नाहीं. एक जण वाटेवर नुसता बसून टक लावून पाहतो, आणि दुसरा मुकाट्यानें परत फिरतो. माणसांस वाटतें, किती गुण्यागोविंदानें नांदतात! म्हणून एक पेटी गॅलरींत, एक माजघराच्या कोपऱ्यांत, एक न्हाणीकडे, अशा वेगवेगळ्या ठिकाणीं असाव्यात. पाण्या-खाण्याच्या भांड्याजवळ मात्र नसाव्यात, आणि एकदम घरघरूं लागणाऱ्या यंत्राजवळ तर मुळींच नसाव्यात.

पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब हवी. दुकानांतल्या सुबक पेट्या बहुधा लहान असतात. बाजारांत मिळणारें मोठें पसरट प्लास्टिकचें टोपलें अधिक चांगलें. थोरलीसाठीं त्याचा एक कांठ कापून तीन-चार बोटें उंचीचा करावा. आंत बारीक, बिनवासाची वाळू तीन-चार बोटें जाडीची घालावी. बेंटोनाइट मातीची मिळते ती ओली होतांच गोळा बनते, म्हणून उचलावयास सोपी. सुगंधी वाळू माणसाच्या नाकासाठीं असते, मांजराच्या नव्हे. मळ रोज दोनदां उचलावा, आणि अधून मधून पेटी सौम्य साबणानें धुऊन वाळू बदलावी. हें काम कोणाचें, हें नांव घेऊन ठरवावें. सर्वांचें म्हटलें कीं तें शेवटीं सूनबाईंकडेच येतें.

कोणत्या मांजरानें ओल केली याविषयीं शंका उरलीच, तर एकेकास कांहीं दिवस वेगळ्या खोलींत ठेवून पाहावें. फ्लुओरेसीन नांवाचा रंग पशुवैद्य एका मांजरास पोटांत देतात. मग त्याची लघवी जंबुपार किरणांच्या विजेरीखालीं हिरवट चमकते. विजेरी तशीही घरांत असावी. अंधारांत तिच्या प्रकाशांत जुने डाग दिसतात, आणि जे दिसले नाहींत ते धुतलेही जात नाहींत.

धुण्याच्या बाबतींत आपल्याकडे फार घोटाळा आहे. ओल दिसली कीं फिनेल ओतलें जातें. फिनेलच्या कांहीं प्रकारांत, विशेषतः काळ्यांत, फिनॉल जातीचीं द्रव्यें असतात, आणि मांजराच्या यकृतास तीं पचवून बाहेर टाकण्याची शक्ति फार थोडी. पंज्यास लागलेलें फिनेल मांजर चाटतें व आजारी पडतें. अमोनिया असलेल्या द्रवानें पुसल्यास मांजरास तो वास मूत्रासारखाच वाटतो. ब्लीचिंगचें पाणी मूत्रावर टाकल्यास त्यांतील अमोनियाशीं मिळून दम कोंडणारा वायु निघतो. साबणानें वास गेल्यासारखा वाटतो, पण मूत्रांतील यूरिक आम्लाचे कण तंतूंत शिल्लक राहतात आणि पावसाळी दमट हवेंत पुन्हां वास येतो. म्हणून आधीं जुन्या कपड्यानें ओल टिपावी, घासूं नये; मग एंझाइमयुक्त द्रव भरपूर ओतून त्यास सावकाश वाळूं द्यावें. गादीचा कापूस आंतपर्यंत भिजला असल्यास कापूसच बदलावा.

कुत्र्याविषयीं थोडक्यांत. पाणिनीनें कुत्रा, तरुण व इंद्र यांस एका सूत्रांत बसविलें, म्हणून त्यालाही या लेखांत जागा देणें भाग आहे. मोठ्या कुत्र्यानें घरांत ओल केल्यास आजार, फिरावयास नेण्याची चुकलेली वेळ, किंवा खूण करण्याची संवय, हीं तीन कारणें पाहावीं. पिल्लास झोपेंतून उठतांच, जेवणानंतर व खेळानंतर बाहेर न्यावें, आणि तेथें लघवी केल्याबरोबर शाबासकी द्यावी. जें पिल्लू माणूस जवळ येतांच पोट दाखवून ओलें होतें, तें भीतीनें होतें. त्यावर रागावल्यास तें अधिकच ओलें होणार. एक दक्षता मात्र हवी: कुत्रीं मांजरांचा मळ खातात, म्हणून पेट्या त्यांच्या तोंडास लागणार नाहींत अशा ठेवाव्यात.

नाक ओलींत घासणें, दोन तासांनीं पकडून मारणें, या शिक्षांचा कांहीं उपयोग नाहीं. शाळेंत आम्ही छडी चालतांना पुष्कळ पाहिली आहे. पण ज्याला बसे, त्याला निदान ती कशाबद्दल हें ठाऊक असे. मांजरास एवढेंच कळतें कीं ही माणसें भयंकर आहेत, आणि मग तें लपून ओल करूं लागतें.

पत्रांत धाकट्या जाऊबाई गरोदर असल्याचें लिहिलें आहे, आणि म्हणूनही मांजरें घालवावीं असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे. येथें ज्याची भीति, तो टोक्सोप्लाझ्मा नांवाचा सूक्ष्म जीव. तो 1908 सालीं ट्यूनिसमध्यें निकोल व मॉन्सो यांनीं एका उंदीरवर्गीय प्राण्यांत शोधला, आणि मांजराच्या मळावाटे तो पसरतो हें 1970 च्या सुमारास स्पष्ट झालें. मळ बाहेर पडल्यावर हा जीव संसर्गक्षम होण्यास एक ते पांच दिवस लागतात. म्हणून पेटी रोज साफ करावी, आणि ती जाऊबाईंनीं न करतां त्यांच्या यजमानांनीं करावी. मातीचें काम हातमोजे घालून करावें, भाजीपाला धुऊन घ्यावा, आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. त्यासाठीं मांजरें घराबाहेर घालविण्याचें कारण नाहीं.

मंडईविषयीं मामंजींस एवढेंच कळवावें कीं, पाळलेल्या प्राण्यास उपाशी मरावयास टाकून देणें हा 1960 च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें अपराध आहे. शिवाय ज्याला सोडावयाचें, त्यानें गादी ओली केलीच नसण्याचा संभव पुष्कळ आहे. पाडव्याची मुदत थोरलीचा तपास होईपर्यंत व बोक्याच्या शस्त्रक्रियेनंतर कांहीं महिने उलटेपर्यंत पुढें ढकलावी. तोंवर मामंजींच्या खोलीचें दार लावून ठेवावें व गादीवर जाड प्लास्टिक अंथरावें. दवाखान्यांत जातांना थोरलीस जाळीच्या टोपलींत, खालीं घरच्या वासाचें फडकें घालून न्यावें; ती दिवसांतून किती पाणी पिते तें दोन दिवस मापून कागदावर लिहून न्यावें, आणि चौकटीवरील डागांची उंचीही त्याच कागदावर नमूद करावी.