हार्ड डिस्क, हार्ड डिस्क करू नका!

आपल्या सॉफ्टवेअरवाल्या जमातीला एक खोड आहे. स्मरणशक्तीचा विषय निघाला की लगेच "सगळं डिस्कवर असतंच हो, फक्त इंडेक्स करप्ट होतो" असं ठोकून द्यायचं. इथे न्यू जर्सीत शनिवारच्या पॉटलकला हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता मी सरळ भांडतो. ही उपमा नुसती चुकीची नाही, घातक आहे. कारण हीच मंडळी पुढे इथली नागरिक होतात आणि ज्युरीत बसतात!

डिस्कवरची फाइल हजारदा वाचा, बिट न् बिट तोच. माणसाचं तसं नाही. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीचेक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांचं एकही मुख्य उत्तर जुळेना. खात्री मात्र भरपूर! स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी मूळची आठवण परत आली नाही. आता सांगा, कुठला इंडेक्स दुरुस्त करायचा?

उपमाच हवी असेल तर डीरॅमची घ्या. तिथे सेल वाचला की कपॅसिटरमधला चार्ज जातो, म्हणून वाचलेलं लगेच परत लिहावं लागतं. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की शिकवलेली भीती पुन्हा जागी करून त्याच वेळी मेंदूत प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं, तर ती भीती पुढे टिकत नाही. जागी न करता औषध दिलं तर टिकते. (माणसाच्या प्रत्येक आठवणीला हे जसंच्या तसं लावू नये, हे मान्य.) पण डीरॅम वाचलेलं तेच परत लिहितो. आपण लिहिताना मधल्या काळात ऐकलेलं, पाहिलेलं सगळं त्यात कालवतो.

याची किंमत रोनाल्ड कॉटनला विचारा. १९८४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनमध्ये जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. पुढे ओळखता यावं म्हणून तिने त्याही अवस्थेत गुन्हेगाराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला. फोटोंतून तिने कॉटनला निवलं, मग रांगेतूनही त्यालाच. पोलिसांनी सांगितलं, फोटोत निवडलेला हाच. झालं, शंका संपली! पुढे खरा गुन्हेगार, बॉबी पूल, कोर्टात तिच्यासमोर उभा केला, तर ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलंच नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आठवणीत तोवर कॉटनचाच चेहरा बसला होता. १९९५ साली डीएनएने कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त तुरुंगवास भोगून.

यावर आमच्या गटातल्या एकाचा ठरलेला सवाल: "मग काय, पीडितेवर विश्वासच ठेवायचा नाही का?" अहो, तिच्यावर अत्याचार झाला यात शंका कोणाला होती? प्रश्न चेहऱ्याचा आहे, आणि त्यावर उपाय आपल्या धंद्यातलेच आहेत. फोटो दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं. साक्षीदाराला किती खात्री वाटते ते तिथल्या तिथे, त्याच्याच शब्दांत, शाबासकी मिळण्याआधी लिहून घ्यावं. नॉर्थ कॅरोलिनाने २००७ साली तसा कायदाच केला. आमच्या जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेंडरसन खटल्यात हे सगळं संशोधन तपासलं. त्यानंतर इथे ओळख पटवण्याचा वाद असलेल्या खटल्यात न्यायाधीश ज्युरीला सांगतात, की स्मरणशक्ती म्हणजे रिवाइंड करून पाहायचं व्हिडिओ रेकॉर्डिंग नव्हे.

तेव्हा ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं की सुटका कशी करून घ्यायची याच्या युक्त्या एकमेकांना ईमेल करण्याआधी ती सूचना एकदा वाचा. कोर्टाच्या साइटवर फुकट मिळते.