लूपर आधी की शेवटी? एकट्याने बँड वाजवण्याआधी हे वाचा

दोडामार्गातून दुचाकी काढली की काही मिनिटांत गोव्याची हद्द लागते. नोकरी, कॉलेज, दवाखाना, सगळ्यासाठी इथली माणसं सीमा ओलांडतात. गिटार वाजवणाऱ्या पोरापोरींनाही काम तिकडेच दिसतं: रेस्टॉरंट, हॉटेल, लग्नं. आणि मालकाचा हिशेब सरळ आहे. चौघांना पैसे देण्यापेक्षा एकालाच दिलेले परवडतात. मग तो एकटा चौघांइतका वाजला पाहिजे. इथे लूपर येतो.

३० जानेवारी २०२५ ला एड शीरनने पुण्यातून भारत दौरा सुरू केला, तेव्हा पायाने लूपर दाबून गाण्याचे थर चढवतानाच्या रील्स सगळ्यांनी पाहिल्या. रीलमध्ये दिसत नाही ती गोष्ट म्हणजे वायरिंग.

लूपर तुम्ही वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरवत राहतो, त्यावर दुसरा तुकडा चढवता येतो. आता तो साखळीत कुठे ठेवायचा? गिटारनंतर साधारण ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब असा क्रम लावतात. लूपर या सगळ्यांच्या शेवटी ठेवला तर प्रत्येक थर आपापल्या इफेक्टसह रेकॉर्ड होतो. ताल स्वच्छ, सोलो ओव्हरड्राइव्हवर, आणि नंतर पेडल बंद केलं तरी आधीचा थर जसाच्या तसा.

उलट ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवा आणि तीन थर चढवा. पेडल सुरू केलं की तिन्ही थर एकदम त्यात शिरतात आणि चिखल होतो. अ‍ॅम्पचाच ओव्हरड्राइव्ह वापरत असाल तर जमिनीवर सगळ्यात शेवटी ठेवलेला लूपरसुद्धा प्रत्यक्षात 'आधी'च असतो! अशा वेळी अ‍ॅम्पच्या मागच्या सेंड-रिटर्नमध्ये तो जोडावा. रिव्हर्ब लूपरनंतर ठेवायला हरकत नाही, पण तो सगळ्या थरांवर पसरतो, म्हणून अगदी थोडा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र क्रमाची नाही. आवाज आणि गिटार दोन्ही लूप करायचे असतील तर एकाच गिटार-जॅकचा छोटा लूपर उपयोगाचा नाही. माइकसाठी वेगळा इनपुट असलेलाच घ्या. गिटारची पेडलं फक्त गिटारच्या वाटेवर राहू द्या, नाहीतर तुमचा गळाही ओव्हरड्राइव्हमधून निघेल.

"मोबाइलवर अ‍ॅप आहे की!" आहे, आणि घरी सरावाला झकास आहे. पण ब्लूटूथ इअरफोन लावू नका. आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही उशिरा येतो आणि तुमचा दुसरा थर पहिल्याच्या मागे फरफटतो. वायर आणि ऑडिओ इंटरफेस लागतोच. तो खर्च धरला की सेकंडहँड लूपर फार महाग वाटत नाही.

आता मालकाच्या हिशेबाची दुसरी बाजू. थर वाढले की आवाजही वाढतो. सारख्या जोराचे दोन वेगवेगळे थर म्हणजे सुमारे ३ डेसिबल जास्त, चार थर म्हणजे ६. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद (सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून). एड शीरनलाही बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर वाजवताना पोलिसांनी वायर काढून थांबवलं होतं. तिथे वाद परवानगीचा होता, पण वायर कोणाचीही निघते हे सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून साउंडचेकला एकच थर वाजवून आवाज ठरवू नका. सगळे थर चढवा, मग मास्टर लावा. लूपरला वेगळी लेव्हलची खुंटी असते, ती थेट गिटारपेक्षा किंचित खाली ठेवा. गिऱ्हाईक ऐकायला येतं ते तुम्ही आत्ता वाजवताय ते. मशीन मागे राहिलेलं बरं. आणि मृदंगवाला मित्र मोकळा असेल तर त्यालाही घेऊन जा. त्याला वायर लागत नाही.