गोट्याआधी झडती

पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की वऱ्हाडी-नागपुरी बोलीच्या मुलखात झडत्या सुरू होतात. एक गडी हात उंचावून चार कडवी फेकतो, महादेवाचा गजर होतो, तोच पलीकडून कुणी त्याहून तिखट झडतीने उत्तर देतो. कापसाचा भाव, बोगस बियाणे, सावकाराचे व्याज, निवडून आल्यावर न फिरकलेला पुढारी, शंकर-पार्वतीची जुनी कथा, बैलाच्या खांद्याला आलेली सूज, सगळे त्यात येते. ज्याला झोंबते तोही ऐकून घेतो, कारण त्या घटकेला बोलण्याचा मान झडतीचा असतो. मग तोरण तुटते आणि पोळा फुटतो.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात दुसऱ्या दिवशी दगड सुटतात.

जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवायचे, त्याला झेंडा बांधायचा, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव यांनी दिवसभर एकमेकांवर गोटे फेकायचे, ही गोटमार. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदी ओलांडताना दोघांवर दगड पडले, अशी तिच्यामागची दंतकथा. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात, आजवर कित्येकांचे जीवही गेले. प्रशासनाने जमावबंदी लावली, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही पुरवून पाहिले. लोक पुन्हा दगडाकडे वळले. वरून आलेला हुकूम नदीत उतरत नाही, एवढे त्यातून कळले.

विज्ञान, कला, इतिहास आणि समाजाची कळकळ एकत्र नांदवणारी कविता मराठीत हवी, असे व्यासपीठावरून नेहमी बोलले जाते. तिच्यासाठी पांढुर्णा आणि शेजारच्या सौंसरइतकी भरलेली जमीन दुसरीकडे शोधायला नको. आणि ती कविता संग्रहात छापून येण्याआधी पोळ्याच्या तोरणाखाली आली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण तो गोटाच पाहा. जामच्या पात्रातला हा काळा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहत आला, थरावर थर साचले आणि दख्खनचा कातळ तयार झाला. दोन लाव्हांमध्ये उसंत पडे तेव्हा सखल जागी तळी साचत, काठाला झाडे वाढत, फळे पाण्यात गळून पडत. त्या पाण्यातली सिलिका वनस्पतींच्या पेशीपेशीत शिरून घट्ट झाली, गाळाची गार झाली आणि तिच्यावर पुढचा लाव्हा पसरला. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी १९४३ मध्ये सौंसरच्या आसपासच्या या गारेतल्या वनस्पतींवर शोधनिबंध लिहिला. तिथल्या एका शेवाळाला त्यांनी ‘कारा सौंसरी’ असे नाव दिले. शाळेच्या पुस्तकात साचलेल्या पाण्यातला कारा आपण वाचतो, तोच हा वंश. आज जिथे संत्र्याची बाग जगवायला शेतकरी बोअरवर बोअर मारतो, तिथे एके काळी गोड्या पाण्याची तळी होती आणि त्याचा पुरावा बांधावर पडलेला असू शकतो. यावर झडती होत नसेल तर कशावर होणार?

छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे (सौंसरजवळचे मोहगाव वेगळे). तिथल्या गारेतल्या एका फळाला साहनींनी नाव दिले, ‘एनिग्मोकार्पॉन’. १९४४ मध्ये व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच ठिकाणच्या दगडातल्या एका फुलाचे वर्णन केले आणि त्याचे या फळाशी असलेले नाते मांडले. दगडाची पातळ चकती कापायची, काचेला चिकटवायची, उजेड आरपार जाईपर्यंत घासायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. अंडाशयाचे कप्पे अजून जागच्या जागी दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक फूल पाण्यात पडले आणि ते कसे होते हे आपण आज पाहू शकतो, हे कुठल्याही कल्पनाविलासाहून मोठे आहे.

सौंसरचे नाव भूगर्भशास्त्रात त्याहूनही जुन्या खडकांना लागले आहे. मँगनीज पोटात बाळगणाऱ्या, लाव्हाच्या कितीतरी आधीच्या या खडकांना ‘सौंसर समूह’ म्हणतात. त्यांतल्या एका खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ ल्युइस फर्मोर यांनी गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटले. हिंदुस्थानातल्या मँगनीजवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९०९ चा. खडकाला नाव मिळाले, मँगनीज आगगाडीने बाहेर गेले. ज्यांचे नाव दिले त्या गोंडांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न तोरणाखालीच विचारण्यासारखा आहे.

या मुलखाचा अलीकडचा इतिहासही कवितेला बोलावतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत छिंदवाडा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मागे राहिले. घरात, शेतात, पोळ्यात मराठी आणि शाळेत, कचेरीत हिंदी, अशी इथल्या कितीतरी मुलांची वाढ होते. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याला स्वतःविषयी काही सांगायचे असेल तर ते आपल्या बोलीत सांगण्याची हीच वेळ.

दोन भाषांत वाढणे म्हणजे उणेपण नव्हे, हे कवी गजानन माधव मुक्तिबोधांनी दाखवून दिले आहे. घरची भाषा मराठी, लिहिले हिंदीत. नागपुरात पत्रकारिता केली, आकाशवाणीत काम केले, पुढे राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवले. त्यांच्या कवितेत विज्ञान, इतिहास आणि कामगाराचा राग एकाच श्वासात येतात. त्यांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने १९६२ मध्ये बंदी घातली. कवीने इतिहास किती गांभीर्याने घेतला होता, हे त्या बंदीवरूनही दिसते.

मात्र ‘इलेक्ट्रॉन’ आणि ‘कृष्णविवर’ असे शब्द पेरले की कविता वैज्ञानिक होते, हा समज सोडला पाहिजे. अशा कविता आम्ही खूप वाचल्या. त्यांत शब्द नवा असतो, कुतूहल मात्र कुठेच नसते. झडती म्हणणाऱ्याला बोंडअळी कुठल्या दिवसांत पडते, बैलाच्या खुराला काय झाले की तो लंगडतो, हे ठाऊक असते. त्याचे ज्ञान कामातून आलेले असते, म्हणून ते यमकात सहज बसते. दगडाबद्दलही त्याला तेवढेच खात्रीचे कळले, तर गोटा उचलणाऱ्या हाताला तो सांगू शकेल की तुझ्या मुठीत सहा कोटी वर्षे आहेत आणि समोर कुणाच्या तरी एकुलत्या एक पोराचे कपाळ आहे. कलेक्टरच्या नोटिशीत हे वाक्य येणार नाही. पुस्तकी कवीने म्हटले तर ते उपदेशासारखे वाटेल. तोरणाखाली, गजराच्या आधी, ओळखीच्या तोंडून ते आले तर ऐकले जाईल. गोटमारीच्या आदल्याच संध्याकाळी गाव जमून कविता ऐकते, ही संधी पंचांगानेच दिली आहे.

यासाठी आषाढातच कामाला लागावे लागेल. महाविद्यालयातल्या भूगर्भ-वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनी पोरांना नदीत नेऊन दगड हातात द्यावा, फोडून दाखवावा. जुन्या झडतीकरांनी यमक आणि ठेका शिकवावा. गोटमारीत ज्याचा डोळा गेला, त्यालाही त्या बैठकीत बसवून बोलते करावे. आणि झडती एकट्या पांढुर्ण्याने रचू नये. झडतीला जबाब लागतो, तो सावरगावच्या पोराने त्याच संध्याकाळी, तितक्याच तिखटपणे द्यावा. दोन्ही काठांनी एकमेकांना काय सुनवायचे ते आधी शब्दांत सुनवून घ्यावे.