तो क्रमांक सगळ्यांचा सारखाच असतो

‘विंडोज सपोर्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय,’ असा फोन तुम्हालाही आला असेल. त्याला फसणाऱ्यांना आपण चटकन बावळट ठरवतो. मला ते पटत नाही, कारण समोरचा चक्क पुरावा देतो. तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतो आणि तिथे लाल खुणांचे एरर खरोखरच दिसतात. मग काळ्या खिडकीत ‘असॉक’ ही आज्ञा टाइप करायला सांगून ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवतो: ‘हा तुमच्याच मशीनचा नंबर, ताडून बघा.’ जुळतो! जुळणारच, तो प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो. आणि असे एरर धडधाकट लॅपटॉपवरही सापडतात. प्रयोगशाळेत आम्ही आधी विचारू, कंट्रोल कुठाय?

मायक्रोसॉफ्ट आपणहून असे फोन करत नाही. सरळ फोन ठेवा. (तो हिंदीत बोलू लागला, तरीही. परदेशात आपण तेवढ्यानेच विरघळतो.) स्क्रीनचा ताबा दिलाच असेल, तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि कार्डावर छापलेल्या नंबरवरून बँकेला कळवा.

आईबाबा तुमच्याकडे राहायला आले असतील, तर आजच त्यांच्याशेजारी बसून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्या लाल खुणा त्यांना आधी तुमच्याकडून कळू देत.