गुलमर्गची खरेदी आणि घसारा

मंडळी, यंदा मुलगा-सून नातवंडांना घेऊन गुलमर्गला स्कीइंगला निघालेत. त्यांची खरेदीची यादी पाहिली, आणि जन्मभर बॅलन्सशीट वाचलेला माणूस गप्प कसा बसणार?

माझं मत असं, की स्कीचे बूट, जाडं जाकीट, वॉटरप्रूफ पँट विकत घेऊच नये. ७ वर्षांच्या पोराचा पाय पुढच्या हिवाळ्यात त्या बुटात जाणार नाही. आणि इंदुरात घालणार कुठे, राजवाड्यावर? पहिल्याच वर्षी घसारा १०० टक्के! टनमर्ग-गुलमर्गला हे सगळं भाड्यानं मिळतं. बूट मात्र पोराला घालून, चार पावलं चालवून मगच घ्या.

पैसे घाला ते अंगालगतच्या कपड्यांवर. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं, म्हणून थर्मल घ्या, लोकरीचं किंवा सिंथेटिक. वॉटरप्रूफ हातमोजे प्रत्येकी दोन जोड, कारण एक जोड पोरं तासाभरात भिजवतातच. गॉगल जत्रेतला नको, यूव्ही रोखणारा हवा. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. तिथलं ऊन बर्फावरून उलटून डोळ्यांत येतं.

आजीनं विणलेला स्वेटर यादीत नव्हता. ‘जुन्या फॅशनचा’ म्हणे! अहो, थर्मल आणि जाकिटाच्या मधे लोकरच तर लागते. तो मी स्वतः बॅगेत ठेवलाय.

वाचलेल्या पैशांत पोरांना हेल्मेट आणि शिकवणारा माणूस दोन दिवस जास्त लावा, असं मुलाला सांगितलंय. बघू, ऐकतो का ते.